वातावरण कोणी बिघडवलं?

संपांनी राज्याचा धंदा बुडवला, हे पिंपरी पेंढारसारख्या गावाच्या पारावरही सर्वमान्य आहे. १९८२ साली कामगारनेते दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हापासूनचं हे पाठांतर. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल उभे राहिले, ते बहुधा संपाच्या दुःखातच.

हमालांसाठीच्या १९६९च्या माथाडी कायद्यावरही तोच राग. माथाडीच्या नावाने ट्रक अडवणारे भामटे आहेतच. पण त्यांच्या पाठीला कधी गोणी लागलेली नसते.

सप्टेंबर २०२३मध्ये निर्यातशुल्कावरून नाशिकच्या व्यापाऱ्यांनी कांद्याचे लिलाव बंद ठेवले. तेव्हा मात्र उद्योगाचं वातावरण बिघडलं नाही. मंत्र्यांनी बैठका घेतल्या. पण आळेफाट्याच्या बाजारात हमालाने गोणीमागे रुपया वाढवून मागावा, लगेच उद्योग गुजरातला निघालेच म्हणून समजा.