सकाळच्या लाँचने जाऊन संध्याकाळी परत

मिसिसागा, कॅनडा

ती. अण्णा व ती. सौ. आईस,

आई, आधी बस, मग वाच. परवा माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आधी कळवलं असतं तर तू देव पाण्यात ठेवले असतेस, आणि ते नीट भिजायच्या आत मी घरी आलो होतो. मांडव्याहून सकाळच्या लाँचने मुंबईला जाऊन संध्याकाळी अलिबागेत परत यावं, तसं.

अण्णा, तुम्ही ज्याला अंतर्गळ म्हणता तोच हा. जांघेपाशी पोटाची भिंत कमजोर होते आणि आतलं आतडं नाहीतर चरबी बाहेर डोकावते. भिंत माझी आधीपासूनच कच्ची असणार. पण विमानतळावर सोडे-पापडांची तेवीस किलोची बॅग एका हाताने ओढून काढली, आणि गोटी वर आली.

सहाला हजर झालो. पाठ उघडी टाकणारा झगा दिला. नाव, जन्मतारीख, कुठली बाजू, हे चौघांनी चार वेळा विचारलं. तरी सर्जनबाईंनी पेनाने उजव्या जांघेवर बाण काढलाच. तासाभरात आटोपलं. खरी परीक्षा पुढेच होती. लघवी झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत! सफरचंदाच्या रसाचे तीन डबे रिचवले, नळ सोडून उभा राहिलो, कुलाबा किल्ल्याभोवतीची भरती डोळ्यांसमोर आणली. खाली सूनबाई पार्किंगचे डॉलर मोजत होती. चार वाजता एकदाची ओहोटी लागली. नर्सने टाळ्या वाजवल्या. बारावीच्या निकालालाही कोणी वाजवल्या नव्हत्या.

आत प्लास्टिकची जाळी बसवलीय. कोळीवाड्यात फाटलं जाळं शिवतात, तसाच प्रकार. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी तर मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हीच जाळी काही रुपयांत आणली. युगांडात 302 पुरुषांवर चाचणी झाली, 2016 साली निकाल छापून आला: तसली जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड. तेव्हा आई, माळ्यावरच्या मच्छरदाणीला जरा मानाने वागव.

टोरांटोजवळ थॉर्नहिलला फक्त हर्नियाचंच एक इस्पितळ आहे, शोल्डाइस नावाचं, 1945 साली सुरू झालेलं. तिथे सहसा जाळी वापरत नाहीत आणि काही दिवस ठेवून घेतात. अण्णांना तेच पटलं असतं.

सध्या खोकताना पोटाशी उशी धरतो. पु.लं.ची ध्वनिफीत सूनबाईने कुलपात ठेवलीय. सहा आठवडे जड उचलायला बंदी.

आई, तू धावत येशील हे ठाऊक आहे. ये. सोडे संपलेत. फक्त पट्ट्यावरची बॅग अण्णांना उचलू देऊ नकोस.

तुमचा,
बाळू