अंतरवालीवर गाणं काढताय? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आंदोलनावर गाणं काढायचं ठरवलंत, अभिनंदन! 29 ऑगस्ट 2023 ला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले आणि अंबड तालुक्यातलं हे गाव देशभर पोचलं. तेव्हापासून त्यावर इतकी गाणी निघाली की मोजायला बसलेला माणूस अजून उठलेला नाही. तुमचं एक वाढलं तर काय बिघडलं?

1. गुरू धरा. कुणीतरी गायक आनंद शिंदे सुचवेल. ऐकू नका. ‘नवीन पोपट हा’ म्हणायला गळा लागतो, वर मिश्कीलपणाही. त्यापेक्षा इंग्रज बरा: निक लो, लंडनच्या पबांत वाजवून तयार झालेला गडी. ज्या धंद्यावर पोट, त्याच संगीतधंद्याची टर त्यानं 1978 च्या ‘जीझस ऑफ कूल’ अल्बममध्ये उडवली. तुम्ही तेवढं सोडून बाकी सगळं घ्या.

2. खर्च आवरा. लोचं 1976 चं ‘सो इट गोज’ हे गाणं 45 पौंडांत झालं म्हणतात. तुमचं आणखी स्वस्तात होईल, कारण चाल तुम्ही उचलणारच आहात. वर डीजेचा ठोका टाका, आवाजाला ऑटोट्यून लावा. ही सोय नसती तर कितीतरी होतकरू गायक कापूस वेचत बसले असते, बिचारे!

3. शब्द: वाघ, वादळ, भगवं, नाद. क्रम कोणताही. ‘आरक्षण’ला ‘शिक्षण’ छान जुळतं, पण मोहात पडू नका. गाण्याला अर्थ आला की पोरं नाचायची थांबतात. कुणबी नोंदी, हैदराबाद गॅझेट, सगेसोयरे हे आरक्षणाचे मुद्दे निवेदनात शोभतात, डीजेला पेलत नाहीत.

4. पोस्टर. लो ‘जीझस ऑफ कूल’च्या कव्हरवर सहा वेगवेगळ्या सोंगांत उभा आहे. तुम्हीही लाजू नका: एकदा फेटा, एकदा गॉगल, एकदा कानाला बंद मोबाईल. नेत्याचा फोटो वर, थोडा लहान. खाली ‘सौजन्य’ म्हणून भावी सरपंच. पैसे त्यानंच दिलेत.

5. व्हिडिओत जेसीबीतून फुलं उधळा. अंतरवालीतल्या 14 ऑक्टोबर 2023 च्या सभेची ड्रोनदृश्यं सगळ्यांनी वापरून झालीत, तरी टाका. स्वतःचा शॉट मोसंबीच्या बागेत घ्या. फवारणी कधी झाली ते आधी विचारा.

6. नावं दोन ठेवा. अमेरिकेत ‘जीझस ऑफ कूल’मधून येशूला वगळून ‘प्युअर पॉप फॉर नाऊ पीपल’ असं नाव द्यावं लागलं. आपल्याकडे भावना त्याहून लवकर दुखावतात. धृपदात नेत्याच्या नावाची जागाही दोन अक्षरी ठेवा. ‘दादा’, ‘भाऊ’, ‘आबा’ निवडणुकीनुसार बसतात.

7. मुद्दाम वाईट गाणं करून सुटका होईल, या भ्रमात राहू नका. रेकॉर्ड कंपनीनं हाकलावं म्हणून लोनं ‘बे सिटी रोलर्स’ या पोरींच्या लाडक्या बँडची बाष्कळ आरती रचली. जपानमध्ये ती तुफान चालली आणि कंपनीनं आणखी तसलीच गाणी मागितली!

लाइक कमी पडले तर खचू नका, लग्नसराई जवळच आहे, वरातीत चालेल. फक्त रात्री दहाला डीजे बंद करा. तो नियम तुमच्या गाण्यातल्या वाघालाही लागू आहे.