डॉक्टरांची गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टर या माणसाइतकी पत कुणालाच नाही. त्याची गाडी म्हणे घर ते दवाखाना एवढीच धावते. तो ती स्वतः चालवतो, कुणाच्या हातात देत नाही, खड्डा दिसला की थांबतो. महाराष्ट्रात डॉक्टरांनी आजवर इतक्या गाड्या विकल्या आहेत की वकील, मास्तर आणि ठेकेदार आपापल्या गाड्या थेट भंगारात घालत असावेत. आमची बोलेरोही अर्थात डॉक्टरांचीच. एजंटाने बॉनेटवर प्रेमाने हात ठेवून सांगितलं, "सिंगल ओनर, डॉक्टर यूज. फक्त डिझेल टाका आणि निघा."

घेणाराही काही कमी नसतो. तो डिपस्टिक काढून वास घेतो, दार आपटून आवाज ऐकतो, एसी लावून झडपेसमोर तळहात धरतो. माझ्या मेव्हण्याने चारही टायरना लाथ मारली. लाथ मारल्यावर टायरने नेमकं काय उत्तर द्यायचं असतं हे मला आजवर समजलेलं नाही, पण लाथेशिवाय व्यवहार झाल्याचं ऐकिवात नाही. मागच्या ॲक्सलखाली वाकून बघायला मात्र कुणी गेलं नाही. तिथे बघण्यासारखं असतंच काय? चिखल, आणि मधोमध एक गोल, फुगीर, काळपट हाउसिंग.

आमच्या मिस्त्रींनी गाडी बघितली ती तिथूनच. नव्या सीटकव्हरांकडे ढुंकूनही न बघता ते खाली सरकले आणि तिथूनच ओरडले, "क्राऊनचं ऑईल कधी बदललंय, साहेब?"

सर्व्हिस बुकात इंजिन ऑईलच्या नोंदी होत्या, वायपर ब्लेडचीसुद्धा होती. क्राऊनच्या रकान्यात कोरं पान. यात नवल नाही. ब्रेक किंचाळतात, क्लच घसरतो, बॅटरी ऐन लग्नाच्या दिवशी झोपते. त्यामुळे त्यांची दखल घेतली जाते. क्राऊन, म्हणजे पुस्तकातलं डिफरन्शियल, वर्षानुवर्षं गप्प काम करतं आणि ज्या दिवशी घोंघावायला लागतं, त्या दिवशी ऑईल बदलून फारसा उपयोग नसतो.

काम तरी कसलं? शाळेच्या लेझीम पथकाची रांग मैदानाच्या कोपऱ्यावर वळताना आठवा. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय हलवतो आणि बाहेरच्या टोकाचा धापा टाकत पळतो. दोघांनी सारखीच पावलं टाकली तर रांग मोडते. गाडी वळते तेव्हा मागच्या चाकांचंही तेच होतं. बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला, आतल्याला जवळचा, आणि जोर दोघांना एकाच शाफ्टमधून. हा पेच ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८च्या सुमारास, वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी, दातेरी चाकांची खुबीदार मांडणी करून सोडवला. घड्याळजीच तो. एकाच यंत्रातले दोन काटे वेगवेगळ्या वेगाने फिरतात याचं त्याला काय अप्रूप असणार!

तर मिस्त्रींनी आधी मला गाडी चौकापर्यंत फिरवून आणायला लावली. ऑईल गरम झालं की पातळ होतं आणि तळचा गाळ घेऊन उतरतं. मग गाडी खड्ड्यावर घेतली. पान्याला पाइप अडकवून त्यांनी पहिल्यांदा वरचा, भरायचा बोल्ट सोडवला. हाताखालचा पोरगा खालच्या बोल्टाला भिडला होता, त्याला दरडावलं, "आधी वरचा! खालचा उघडून सगळं सांडशील आणि वरचा जाम निघाला तर भरशील कुठून? साहेबांना गाडी ढकलत न्यावी लागेल." एवढं शहाणपण मला पगारी नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

खालचा बोल्ट निघाला. मी काळ्याभोर धारेची वाट बघत होतो. आली ती राखाडी, दुधाळ, जड धार. मिस्त्रींनी दोन बोटांत थेंब चोळला, बोल्टाच्या टोकाच्या चुंबकावर जमलेला काळा लेप पुसला आणि कापड माझ्यासमोर उन्हात धरलं. बारीक चमचम होती. "ही पूड चालते, दात घासतातच. टोचणारा तुकडा आला असता तर मी तुम्हाला आधी चहा पाजला असता." मग हाउसिंगकडे बोट दाखवून म्हणाले, "पण पाणी आहे. दवाखाना नदीपलीकडे होता का?"

पाणी आत जातं कसं, हेही त्यांनीच सांगितलं. पळून पळून हाउसिंग तापतं. ते तसंच ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, जुन्या सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. आमचा ब्रीदर तर चिखलाने लिंपलेलाच होता. म्हणजे गाडी ओढे तुडवत होती, आणि अधूनमधून नव्हे, नेमाने. एजंटाचा रंग, पॉलिश, शॅम्पू, सगळं वरवरचं. खरा जबाब या घमेल्यात पडला होता. मी मनातल्या मनात एजंटाला देऊ नयेत ती नावं दिली.

तेवढ्यात पोरगा जॅकचा रॉड शोधत मागच्या सीटखाली हात घालून चाचपत होता. त्याच्या हाताला एक पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला लागला. त्यावर बारा आकडी नंबर आणि बारकोड. मी तो उलटसुलट करून बघितला. मिस्त्री, ज्यांच्या घरी दोन म्हशी आहेत, हसत सुटले. गुरांच्या कानात मारतात तो बिल्ला!

म्हणजे एजंट बोलला त्यात खोट नव्हती. गाडी डॉक्टरांचीच होती. पेशंट तेवढे घरपोच सेवा घेणारे, आणि तेही ओढ्यापलीकडच्या गोठ्यातले. एखादी गाय अडली की मध्यरात्री पाणी किती आहे हे बघायला थांबत नसतील बिचारे. त्या अनोळखी डॉक्टरांविषयी माझं मत एकदम बदललं. क्राऊनचं ऑईल बदलायला त्यांना फुरसत झाली नाही, हे मी माफ करून टाकलं. त्यांनी माफी मागितली नव्हती, हा भाग वेगळा.

नवं ऑईल म्हणजे आपलं नव्वद नंबरचं, डब्यावर ८०डब्ल्यू-९० आणि जीएल-५ असं लिहिलेलं. क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांत नुसते बसत नाहीत, दाबाखाली एकमेकांवरून घसरतातही. साधं तेल तिथे चिरडून बाजूला होतं, म्हणून यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. ती धातूवर पातळ कवच धरतात. हेच ऑईल उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतणारे महाभाग आहेत, पण जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते मानवेलच असं नाही. हातपंपाने ऑईल चढलं. मिस्त्रींनी भोकात करंगळी वाकवून पातळी बघितली, आणि काठावरून बारीक धार ओघळू लागल्यावर बोल्ट आवळला. "पाणी होतं, तेव्हा थोडे दिवस चालवून परत एकदा बदला. पहिलं ऑईल आत धुण्यातच जाईल."

या गंधकाला वास असतो, आणि तो साबणाला दाद देत नाही. मी घमेलं उचलायला हौसेने मदत केली होती. घरात पाऊल टाकलं तशी स्वयंपाकघरातून आरोळी आली, "दिव्याचं बटण दाबू नका!" सिलिंडरची गळती कळावी म्हणून त्या गॅसमध्येही गंधकाचंच संयुग मिसळतात, त्यामुळे हिचं चुकलं नव्हतं. रेग्युलेटर बंद झाला, खिडक्या उघडल्या, शेजारच्या काकूही पदर नाकाला लावून दारात आल्या.

"अगं, गॅस नाही तो, क्राऊनचं ऑईल आहे," मी दोन्ही हात वर करून सांगितलं.

"मग खिडक्या कशाला उघडायच्या? तुम्हीच बाहेर उभे राहा."