वहिनी, ब्रेक दाबा!

जुन्या गाडीचं इंजिन रुसलं तर मिस्त्री लागतो. वायरिंग रुसलं तर अख्खं घर लागतं. ब्रेकचं पेडल गाडीच्या एका टोकाला आणि त्याचा दिवा दुसऱ्या टोकाला. त्यामुळे ब्रेकलाइट लागतो की नाही, एवढं बघायलाही निदान दोन माणसं हवीत आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं हवं. आमच्या घरी माणसांची वानवा नाही. अडतं ते दुसऱ्या अटीपाशी.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ चं मॉडेल. मूळची इटलीची फियाट ११००. इथे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होता होता तिची नावं बदलत गेली आणि शेवटी ती पद्मिनी झाली, तरी आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्या दिवशी बाबा आणि काका दोघंही बातम्या बघून हळहळले. दोघंही आईजवळ, वेगवेगळे.

कारण ते एकमेकांशी थेट बोलत नाहीत. भांडण म्हणावं तर रोज एका टेबलावर जेवतात. गाडी दोघांनी भागीत घेतली होती. काकांना बाटलीहिरवा रंग हवा होता, बाबांना क्रीम. क्रीम आला. तेव्हापासून काकांना बाबांशी काही बोलायचं असेल तर ते आईला सांगतात आणि बाबांचं उत्तरही आईकडूनच येतं. दोघं समोरासमोर बसलेले असले तरी.

यंदा गाडीची नोंदणी नव्याने करायची होती. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी हे करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. ‘आपली गाडी व्हिंटेजमध्ये घाला की,’ असं एका शेजाऱ्यांनी सुचवलं. पण २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला वयाची पन्नाशी उलटावी लागते. म्हणजे आमच्या घरात बाबा बसतात, काका बसतात, गाडी बसत नाही.

तपासणीच्या निमित्ताने, बाबा गावी गेलेले असताना, काकांनी गाडीला रंग दिला. बाटलीहिरवा. रंग बदलला की त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, त्यामुळे बाबांचा पराभव आता सरकारदप्तरी जाणार होता. गाडी मात्र देखणी झाली आणि त्याच आठवड्यात तिच्या दिव्यांचं डोकं फिरलं.

मागचा ब्रेकलाइट डाव्या बाजूला जेमतेम मिणमिणायचा, पण त्याच वेळी पुढचा डावा सिग्नल उगाचच मंद उजळायचा. पार्किंग लाइट लावून ब्रेक दाबला, तर डावीकडचा मागचा दिवा वाढायचा सोडून मंदावायचा. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं, दोन वायरींची ठिणगी उडवून बघितली आणि ‘सगळं वायरिंग बदलावं लागेल’ असं सांगून तो जेवायला गेला.

मग बाबांनी सूत्रं हाती घेतली. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर आयुष्य काढलेल्या माणसाने बारा व्होल्टकडे ज्या नजरेने बघावं, त्याच नजरेने त्यांनी बॅटरीकडे बघितलं. खिशातला टेस्टर काढून पोलला लावला. टेस्टर लागला नाही.

“बॅटरीत करंटच नाही,” बाबांनी निकाल दिला.

काकांनी गाडीत हात घालून हॉर्न वाजवला. चांगला लांब वाजवला.

“वहिनी, दादाला सांगा, त्या टेस्टरला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात. बारावर तो जन्मात लागायचा नाही.”

आईने सांगायची गरज नव्हती, पण आईने सांगितलं.

बाबांनी टेस्टर खिशात ठेवला आणि दुसरा प्रश्न काढला. “न्यूट्रल कुठे आहे हिचा?” दिव्याकडे वायर जाताना दिसते, परत येणारी दिसत नाही, असल्या अर्धवट वायरिंगवर आपण सही केली नसती, असं त्यांचं म्हणणं. इथे माझी मुलगी पुढे झाली. ती नववीत आहे आणि तिचा धाराविद्युतचा धडा नुकताच झाला होता. ती म्हणाली, “आजोबा, परतीची वायर म्हणजे गाडीचा पत्राच. बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलंय ना? घरातली अर्थिंगची वायर नुसती बसून असते, काही बिघडलं तरच कामाला लागते. इथे तिलाच रोज काम.” बाबांना हे तत्त्वतः पटलं नाही, पण नात बोलत होती.

दरम्यान आई स्वयंपाकघरातून गरम पाणी आणि खायचा सोडा घेऊन आली. बॅटरीच्या पोलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली होती. तिच्यावर सोड्याचं पाणी पडताच ती फसफसली, जुन्या ब्रशने निघाली आणि वर व्हॅसलीनचा हात फिरला. सेल्फ पूर्वी कण्हत फिरायचा, तो पहिल्या फटक्यात फिरला. दिवे होते तसेच राहिले.

रात्री पोर्चमधला दिवा बंद करून सगळे जागा घेऊन उभे राहिलो. आई ब्रेकवर, बाबा मागे, काका पुढे, मुलगी वहीसह मध्ये. माझ्याकडे मोबाइलचा टॉर्च. टॉर्च धरणाऱ्याचा प्रकाश नेहमी चुकीच्या ठिकाणी पडतो, हे लहानपणापासून ऐकत आलोय.

“वहिनी, ब्रेक दाबा! पुढचा सिग्नल लागला!”

“त्याला म्हणावं, ब्रेकलाइट मागे असतो. पुढे काय बघतोय?”

“दादाला सांगा, मागे उजेड पडेना म्हणूनच पुढे बघतोय!”

“सोडू का पाय?” आई.

“सोड!” “सोडू नका!” हे एकदमच आलं. आईने पाय अर्धा उचलला. पन्नास वर्षांच्या संसाराने तिला शिकवलेली ही युक्ती आहे.

मुलीने वहीत मागच्या डाव्या दिव्याचं चित्र काढलं. एकाच घरात ब्रेक, पार्किंग आणि सिग्नल हे तिघं राहतात आणि तिघांची परतीची वाट एकच: घर जिथे स्क्रूने बॉडीला बसतं ती जागा. “ती वाट बंद असेल तर?” तिने स्वतःलाच विचारलं. मग ब्रेकचा करंट सिग्नलच्या बल्बमधून उलटा शिरतो, त्याच्या वायरीने थेट पुढच्या सिग्नलपर्यंत जातो आणि तिथून बॉडीत उतरतो. समांतर असायचे ते बल्ब एकसर होतात, बारा व्होल्ट वाटून घेतात आणि सगळेच मंद लागतात.

“म्हणजे करंट थांबत नाही,” बाबा म्हणाले.

“नाही. जवळची वाट बंद झाली की तिसऱ्याच्या घरातून जातो, पण परत जातोच. आजोबा, तुमचं बोलणं आजीमार्गे धाकट्या आजोबांना पोचतं ना, तसं.”

पोर्चमध्ये थोडी शांतता पसरली.

“आणि वाटेत निम्मं गळतं,” ब्रेकवरून आई म्हणाली. “म्हणूनच तर ते मंद लागतं.”

बाबांच्या पेटीतून वायरचा लांब तुकडा निघाला. मुलीने त्याचं एक टोक दिव्याच्या घराला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. आईने ब्रेक दाबला. मागचा दिवा लालभडक लागला, पुढचा सिग्नल विझला. मग स्क्रू काढून बघितला. खाली बाटलीहिरव्या रंगाचा गुळगुळीत, जाड थर होता. रंगातून करंट जात नाही.

बाबांनी तो थर टॉर्चच्या उजेडात बराच वेळ न्याहाळला. एवढं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या दिवशीही नव्हतं. “त्याला सांग,” ते आईला म्हणाले, “क्रीम असताना दिवे लागत होते.”

“दादाला सांगा, क्रीम असता तरी त्याच्यातूनही करंट गेला नसता!”

काकांनी पॉलिश पेपरने तेवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली. स्क्रू आवळायला पाना बाबांनी दिला. आईच्या हातात दिला, आईने काकांना दिला.

आरटीओत सगळे दिवे पास झाले. त्या रात्री जेवताना मुलगी म्हणाली, “आजी, या दोघांनाही एक वायर थेट जोडून टाकू या का?”

“नको गं बाई,” आई म्हणाली. “मध्ये मी आहे म्हणून दिवा लागतोय. दोन टोकं थेट जोडली तर फ्यूज उडतो. तुझ्याच वहीत लिहिलंय.”

बाबांनी भाताचा घास खाली ठेवला. “त्याला सांग, हे अगदी बरोबर आहे.”

“वहिनी,” काका म्हणाले, “दादाला सांगा, मला पूर्ण मान्य आहे.”