सगळं व्यवस्थित झालं

वर्ध्यात आता दर दोन-चार गल्ल्यांआड एक डेटाभाऊ सापडतो. नोकरी पुण्याच्या नाहीतर नागपूरच्या कंपनीत, बैठक मात्र घराच्या वरच्या खोलीत. गळ्यात हेडफोन, अंगात नुसतं बनियान, म्हणून कॅमेरा कायम बंद. हाताशी गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणि समोर ओरॅकलचा डेटाबेस.

आमच्या गल्लीतल्या डेटाभाऊंची कीर्ती मोठी. कंपनीतल्या नव्या पोराचं अडलं की फोन यांनाच.

"भाऊ, फंक्शन कलेक्शन परत देऊन राहिलं. एरर नाही, पण स्क्रीनवर काहीच दिसत नाही."

"खाली काय लिहून आलं?"

"प्रोसीजर सक्सेसफुली कम्प्लिटेड."

"मंग सर्व्हरआउटपुट ऑन कोण करन बे? तुया मामा?"

मग प्रवचन सुरू होतं. फंक्शनचं काम आणून देणं. दाखवणं हे त्याचं कामच नाही. कलेक्शनचा, म्हणजे घटकांच्या यादीचा, टाइप डेटाबेसात रीतसर तयार केलेला असेल, तर सिलेक्ट स्टार फ्रॉम टेबल म्हणावं आणि कंसात फंक्शन टाकावं. ओळी आपोआप उभ्या राहतात. 12.2 आवृत्तीपासून तर तो टेबल शब्दही गाळता येतो. नाहीतर लूप लावावा, एकेक घटक पुटलाइनने छापावा. पण त्याआधी सेट सर्व्हरआउटपुट ऑन! ते विसरलं की काम सगळं होतं, दिसत काहीच नाही.

उदाहरण नेहमी जिल्ह्याचंच. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर असे आठ तालुके परत देणारं फंक्शन त्यांनी लिहून ठेवलं आहे. एकदा एका पोराने त्यातला तिसरा घटक डिलीट केला आणि एकपासून काउंटपर्यंत लूप फिरवला. वर्धा आलं, सेलू आलं, तिसऱ्यावर 'नो डेटा फाउंड' म्हणून गाडी बंद!

"माही सासुरवाडीच उडवली न बे तू!" भाऊ कडाडले. "मधात खड्डा असला तं मोजून चालता येत नाही. फर्स्टपासून निघायचं, नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचं, पुढे काही उरलं नाही की थांबायचं. मंग देवळी नसली तरी समुद्रपूर गाठतेस."

पोरगं धन्य झालं. आता हेच भाऊ घरात पाहा.

परवा वडिलांना घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले. सकाळी गेलेले दुपारी परतले. वहिनी दारातच उभ्या.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"झालं न सगळं व्यवस्थित."

"पण म्हणाले काय?"

"सांगतलं न, झालं म्हणून."

वास्तविक भाऊंनी डॉक्टरांचा शब्द न् शब्द ऐकलेला असतो. रक्तदाब किती, कोणती गोळी सकाळी, कोणती रात्री, मीठ किती कमी, पुन्हा कधी यायचं, सारं डोक्यात जसंच्या तसं. बाहेर मात्र एकच ओळ. शेवटी वहिनी फाइल ओढून घेतात आणि सासऱ्यांनाच विचारतात.

लग्न जमवायच्या बैठकीतही तेच. तीन तास भाऊ हूं की चूं करत नाहीत. मंडळी चहा पिऊन चपला घालायला उठली, की दारात उभं राहून तीन तासांचं सगळं एका दमात बाहेर. पुटलाइनचंही तसंच असतं म्हणे. मजकूर बफरमध्ये साठत राहतो आणि पूर्ण ब्लॉक संपल्यावरच पडद्यावर येतो. भाऊ त्यावर पोरांना पाइपलाइन्ड फंक्शन सुचवतात: ओळ तयार झाली की लगेच पुढे सोडायची, शेवटापर्यंत अडवून ठेवायची नाही. घरात ही सुधारणा फक्त त्यांच्या मुलीत उतरली आहे. शाळेतून येताना तिची बातमी फाटकापासूनच सुरू होते.

तुमच्याही घरात असा एखादा भाऊ असेल, तर त्याला 'काय झालं?' असं विचारू नका. पहिलं काय झालं, मग पुढे काय, त्यापुढे काय, असं काही उरेनासं होईपर्यंत विचारत राहा. माहिती त्याच्याकडे पुरेपूर असते. दाखवायचा हुकूम तेवढा आपल्यालाच सोडावा लागतो.