सब घोडे बारा टक्के

सरकारी कचेरीत वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही म्हणतात. शाळेच्या निकालपत्रकात मात्र वजन काढून घेतलं की आकडा आपोआप वर उडतो. समजा, दहावीच्या तीन तुकड्या आहेत. ‘अ’मध्ये 30 मुलं, सरासरी 84, ‘ब’मध्ये 50 मुलं, सरासरी 60, ‘क’मध्ये 70 मुलं, सरासरी 45. तिन्ही आकड्यांची बेरीज करून तिनाने भागलं की 63 येतात आणि संस्थेच्या अहवालात तेच छापले जातात. प्रत्येक तुकडीच्या सरासरीला तिच्या पटाने गुणून दीडशेने भागणारा एखादा किरकिरा गणित शिक्षक 57.8 काढतो. त्याचं उत्तर बरोबर असतं, म्हणूनच त्याला अहवाल समितीवर घेत नाहीत. साध्या सरासरीला लोक निःपक्षपाती समजतात, कारण ती कुणालाच भार देत नाही. प्रत्यक्षात ती ‘अ’मधल्या एका मुलाला ‘क’मधल्या सव्वादोनांहून जास्त मुलांइतकं वजन देते. भार नसलेली सरासरी नसतेच. कुणी तो सांगून टाकतो, कुणी तुकड्या पाडतानाच टाकून मोकळा होतो.

ही युक्ती पुढेही नेता येते. ‘अ’मधली 95 सरासरीची पाच मुलं उचलून त्यांची ‘विशेष तुकडी’ केली, की उरलेल्या पंचवीसांची सरासरी 81.8 होते आणि चार तुकड्यांची साधी सरासरी थेट 70.45. ना कुणी जास्तीचं पान वाचलं, ना कुणाचा अर्धा गुण वाढला. पाच बाकं तेवढी शेजारच्या खोलीत गेली. पटावर आधारलेली भारित सरासरी या सगळ्यात 57.8 वरच ढिम्म बसून राहते. असल्या आकड्याला शैक्षणिक प्रगतीची काही चाड आहे, असं कोण म्हणेल?

यावर म्हटलं जाईल की तुकडी हाच घटक धरायचा असेल, म्हणजे शिक्षकांची कामगिरी पाहायची असेल, तर साधी सरासरी रास्तच आहे. मान्य. फक्त मग तिला शाळेतल्या विद्यार्थ्यांची सरासरी म्हणू नये. घटक चाचणीत 20 पैकी 20 आणि वार्षिक परीक्षेत 80 पैकी 32 मिळवणाऱ्या मुलाचे 100 टक्के आणि 40 टक्के मिळवून त्याला 70 टक्के देण्याइतके उदार आपण अजून झालेलो नाही. तिथे मुकाट 100 पैकी 52 मोजतो. हिशेब सगळ्यांना येतो, नडतो तो फक्त अहवालात.

राज्य पातळीवर ही कला अधिक शालीन आहे. महाराष्ट्रात ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं, म्हणजे सहा विषयांपैकी ज्याचे गुण सर्वांत कमी, त्याचं टक्केवारीतलं वजन शून्य. एरवी वजन आधी ठरवून मग मोजतात, इथे मोजून झाल्यावर ठरतं. 2010 मध्ये हे सूत्र उच्च न्यायालयात नापास झालं आणि सर्वोच्च न्यायालयात उत्तीर्ण, तेही फेरपरीक्षेविना. पुढे भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढून घेतले, तेव्हा दहावीचा निकाल 2018 मधल्या 89.41 टक्क्यांवरून 2019 मध्ये 77.10 वर आला. गुण परत दिले आणि 2020 मध्ये तो 95.30 झाला. 2019 ला अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सगळं पाप त्या वीस गुणांच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. शिवाय उत्तीर्णांची टक्केवारी ही गुणांची सरासरी नव्हे, हाही आक्षेप बरोबर. पण पासाची रेषा ज्या बेरजेवर ओढतात, तिच्यातलं शाळेच्या हातचं पारडं हलकं झालं की काय होतं, एवढं त्यातून दिसतं. 2021 मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यांच्या भारांकावर निकाल लागला, तो 99.95 टक्के. परीक्षेचं वजन शून्य धरलं की महाराष्ट्र किती हुशार आहे, याचा याहून पक्का पुरावा मिळणं कठीण.

तेव्हा शाळांनी मागे का राहावं? ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चं तत्त्व तुकड्यांनाही लावावं. आपल्या चारांपैकी सर्वांत कमी सरासरीची ‘क’ वगळली की उरलेल्या तिघींची साधी सरासरी येते 78.93. फ्लेक्सवर 79 छापायला हरकत नसावी. फोटो अर्थात विशेष तुकडीतल्या पाचांचे. सत्तर फोटो मावतील एवढा फ्लेक्स महाग पडतो.