मुंबई–नागपूर, हवेतून

नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबई ते नागपूर अंतर सुमारे 680 किलोमीटर भरतं. जेट विमान ताशी 800च्या आसपास उडतं. म्हणजे तिसरीतल्या पोराच्या हिशेबानेही तास पुरायला हवा. वेळापत्रक मात्र दीड तास सांगतं. कारण कंपनीची वेळ विमान जागचं हलल्यापासून पुन्हा जागी लागेपर्यंत मोजली जाते. त्यात धावपट्टीसाठीची रांग आली, आकाशातल्या घिरट्या आल्या. मुंबईत धावपट्ट्या दोन. पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेकदा एका वेळी एकच कामाला येते. ही सगळी रड आधीच गृहीत धरून वर थोडी मोकळी मिनिटंही घातलेली असतात. मग एखाद्या दिवशी रांग नसली की वैमानिक घोषणा करतो, ‘आपण वेळेआधी पोचलो आहोत.’ आणि प्रवासी खूश! तरीही उशीर झालाच, तर पंधरा मिनिटांच्या आतला उशीर उशिरात धरत नाहीत.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत अंतर तेवढंच राहतं, भाडं तेवढं उंच उडतं. 1953च्या नागपूर कराराने सरकारला दरवर्षी काही काळ विदर्भात मुक्काम करायला लावलं. सरकार येतं, हुरडा खातं, परततं. विदर्भाच्या अनुशेषाला मात्र अजून जागा मिळालेली नाही. तो प्रतीक्षा यादीत आहे.